धातूच्या लेसर-प्लाझ्माचा प्रकाश वेळेनुसार कसा बदलतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून आणि औद्योगिक वसाहतींतल्या धातू-तपासणी विभागांतून हे प्रश्न वरचेवर येतात. वेगळं सांगितलं नसेल तिथे उत्तरांतले आकडे एकाच मांडणीचे धरावेत: १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर, ६ ते ८ नॅनोसेकंदांची पल्स, ५० मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा, उघडी हवा. तुमची मांडणी वेगळी असेल तर आकडे पुढेमागे होतील, घटनांचा क्रम मात्र तोच राहील. १०^१७ असं दिसेल तिथे दहाचा सतरावा घात वाचावा.

१. लेसर मारल्यावर दिसणारा प्रकाश तापलेल्या धातूचाच ना?

नाही. तो धातूच्या पुढ्यात उभ्या राहिलेल्या प्लाझ्माचा, म्हणजे आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन असलेल्या तप्त वायूचा. २०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यावर ८ नॅनोसेकंदांत ५० मिलिज्यूल पडले की तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २ × १०^१० वॉट होते. पृष्ठभागाचा पातळ थर क्षणात वाफ होतो. त्या वाफेतले थोडेसे मुक्त इलेक्ट्रॉन उरलेल्या पल्समधून ऊर्जा घेतात, अणूंवर आदळतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात. पल्स संपली की आत ऊर्जा येणं थांबतं. त्यापुढचा सगळा प्रकाश प्लाझ्मा पसरताना आणि निवताना दिलेला असतो, म्हणून कुठल्याही वर्णपटाखाली तो पल्सनंतर किती वेळाने आणि किती वेळ नोंदवला हे लिहिलेलं असायलाच हवं. त्याशिवाय दोन वर्णपटांची तुलना करू नये.

२. एकूण किती वेळ प्रकाश टिकतो आणि कशानंतर काय दिसतं?

हवेत, वर दिलेल्या ऊर्जेला, मोजण्याजोगा प्रकाश काही दहा मायक्रोसेकंद टिकतो.

पहिले ३०० ते ५०० नॅनोसेकंद: जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरलेला झगझगीत प्रकाश. त्यावर वर्णरेषा असल्याच तर रुंद आणि अस्पष्ट. इलेक्ट्रॉनांची घनता दर घन सेंटीमीटरला १०^१८ च्या वर.

साधारण २०० नॅनोसेकंदांपासून दीड मायक्रोसेकंदापर्यंत: आयनांच्या रेषा. अ‍ॅल्युमिनियम असेल तर २८१.६२ आणि ४६६.३१ नॅनोमीटरला बघा. हवेतल्या नायट्रोजनच्या आयनांची ५०० नॅनोमीटरजवळची गर्दीही याच काळात दिसते.

१ ते २० मायक्रोसेकंद: तटस्थ अणूंच्या अरुंद, स्वच्छ रेषा. बहुतेकांचं काम याच टप्प्यात असतं. तापमान १०,००० केल्व्हिनच्या आसपास येऊन पुढे उतरत जातं आणि घनता १०^१७ वरून १०^१६ कडे.

त्यानंतर रेणू. निवलेल्या वाफेत धातूचे अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडले जातात. अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा ४८४ नॅनोमीटरपासून सुरू होणारा निळा-हिरवा पट्टा याचं सगळ्यात सोपं उदाहरण.

या टप्प्यांच्या सीमा एकमेकांवर चढलेल्या असतात. ‘आयनांचा काळ संपला, आता अणूंचा सुरू’ अशी रेघ ओढता येत नाही.

३. सुरुवातीचा सलग प्रकाश इतक्या लवकर का ओसरतो?

तो मुक्त इलेक्ट्रॉनांचा आहे. इलेक्ट्रॉन आयनाजवळून वळताना किंवा आयनात पकडला जाताना जो प्रकाश देतो त्याला ठरावीक तरंगलांबी नसते. या घटनेला इलेक्ट्रॉन आणि आयन दोन्ही लागतात, म्हणून तिची तीव्रता ढोबळमानाने घनतेच्या वर्गाबरोबर बदलते. घनता तिसऱ्या हिश्श्यावर आली की सलग प्रकाश नवव्या हिश्श्यावर. वर्णरेषांना असा मार बसत नाही, म्हणून थोडं थांबलं की त्या वर डोकं काढतात.

४. आयनांच्या रेषा आधी मावळतात आणि तटस्थ अणूंच्या मागून वाढतात, असं का?

तांब्याचा अणू आयनित करायला ७.७३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. आयनाची रेषा दिसायला त्यावर आणखी उत्तेजनाची ऊर्जा हवी. तापमान थोडं उतरलं तरी इतक्या उंच ऊर्जा-पातळीवरच्या आयनांची संख्या झपाट्याने घटते. दुसरीकडे आयन इलेक्ट्रॉन पकडून परत अणू होत असतात. पकडलेला इलेक्ट्रॉन वरच्या पातळ्यांवर येतो आणि पायरी पायरीने खाली उतरतो. म्हणजे आयनांची घट हीच अणूंची भर. तटस्थ रेषेचा आलेख सुरुवातीला चढतो तो यामुळे.

५. पुस्तकात तांब्याच्या ३२४.७५ रेषेच्या पातळीचं आयुष्य ७ नॅनोसेकंद दिलंय. मला ती रेषा १० मायक्रोसेकंदांनंतरही दिसते. माझं काय चुकलं?

काही नाही. ७ नॅनोसेकंद हे एकट्या, मोकळ्या अणूचं आयुष्य. प्लाझ्मात इलेक्ट्रॉन त्याच अणूला पुन्हा पुन्हा उचलून वर ठेवत असतात. तुम्ही मोजता ती घसरण प्लाझ्माच्या निवण्याची. त्या आलेखाला घातांकी वक्र बसवून त्यातून ‘पातळीचं आयुष्य’ काढू नका. ही चूक प्रकल्प-अहवालांत फार दिसते.

६. सुरुवात कोणत्या धातूने करावी?

तांबं. शुद्ध पत्रा सहज मिळतो, रेषा कमी आणि सुट्या आहेत, आणि ५१०.५५, ५१५.३२, ५२१.८२ नॅनोमीटरच्या तीन हिरव्या रेषा एकाच चौकटीत मावतात. लोखंड तापमानासाठी उत्तम, पण त्याच्या रेषा इतक्या दाटीवाटीने असतात की साध्या स्पेक्ट्रोमीटरवर नवख्याचा गोंधळ होतो.

७. डिले आणि गेट किती ठेवायचे?

डिले म्हणजे पल्सनंतर किती वेळाने नोंद सुरू करायची, गेट म्हणजे ती किती वेळ चालू ठेवायची. कामचलाऊ उत्तर: डिले १ मायक्रोसेकंद, गेट २ मायक्रोसेकंद. पण ते आपल्या मांडणीवर पडताळून घ्यावं, आणि त्याला अर्ध्या दिवसाहून जास्त लागत नाही.

गेट १०० नॅनोसेकंदांवर ठेवा. डिले शून्यापासून १ मायक्रोसेकंदापर्यंत १००-१०० नॅनोसेकंदांनी वाढवा, मग ५ मायक्रोसेकंदांपर्यंत ५००-५०० ने. त्यापुढे प्रकाश कमी पडतो तिथे गेटही रुंदवा. डिलेच्या १० ते २० टक्के गेट ठेवला तर वेळेचा तपशील पुसला जात नाही. गेट बदलला की तीव्रतेला गेटच्या रुंदीने भागायला विसरू नका. प्रत्येक डिलेला ५० शॉट, म्हणजे लेसरच्या ५० पल्स.

आता दोन आलेख काढा: एक रेषा भागिले पार्श्वभूमी, दुसरा रेषा भागिले गोंगाट. पहिला डिलेबरोबर बराच काळ वाढतच जातो, कारण पार्श्वभूमी रेषेपेक्षा वेगाने पडते. दुसरा मध्येच शिखर गाठून उतरतो, कारण पुढे फोटॉनच कमी उरतात. अल्प प्रमाणातलं मूलद्रव्य शोधायचं असेल तर दुसऱ्याचं शिखर धरा. केवळ पहिला आलेख पाहून डिले लांबवत नेणाऱ्यांचा वर्णपट देखणा असतो, पण सूक्ष्म घटक त्यात सापडत नाही.

दोन सापळे आहेत. एकाच जागी शॉट मारत राहिलं की खड्डा खोल होतो, फोकस सरकतो आणि प्लाझ्मा बदलतो. डिले चढत्या क्रमाने घेतले असतील तर खड्ड्याचा परिणाम तुम्ही वेळेच्या नावावर मांडाल. म्हणून टार्गेट सरकतं ठेवा आणि डिलेंचा क्रम विस्कटून घ्या. दुसरा सापळा गेनचा, म्हणजे डिटेक्टर संकेत किती पट वाढवतो त्याचा: सुरुवातीला डिटेक्टर भरून जातो म्हणून गेन कमी, नंतर जास्त, असं केलं की आलेख जुळत नाहीत. गेन एकच ठेवावा आणि सुरुवातीच्या वेळांना करडा फिल्टर लावावा.

८. शून्य वेळ नेमकी कोणती धरायची?

लेसरची पल्स टार्गेटला पोचते तो क्षण, आणि तो तुमच्या डिटेक्टरच्या घड्याळात किती वाजता येतो हे मोजावं लागतं. ट्रिगर लेसरच्या क्यू-स्विच (पल्स सोडणारी कळ) आउटपुटवरून किंवा फोटोडायोडवरून घ्या. फ्लॅशलॅम्पच्या आउटपुटवरून घेऊ नका. दिवा पेटण्याच्या वेळेतली थरथर नॅनोसेकंदांच्या कामाला परवडत नाही.

केबलमध्ये आणि ऑप्टिकल फायबरमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद जातात. इन्टेन्सिफायर (प्रकाश वाढवणारा आणि गेट उघडझाप करणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्याला ट्रिगर मिळाल्यापासून गेट उघडेपर्यंत आणखी काही दहा नॅनोसेकंद. हे सगळं कागदावर बेरीज करत बसण्यापेक्षा गेट ५ नॅनोसेकंदांचा करा, २-२ नॅनोसेकंदांनी पुढे न्या, आणि पहिला प्रकाश कधी येतो ते पाहा. लेसर ५३२ नॅनोमीटरचा असेल तर कमी ऊर्जेवर त्याचाच विखुरलेला प्रकाश दिसतो. १०६४ बहुतेक कॅमेऱ्यांना दिसत नाही, तिथे सलग प्रकाशाची सुरुवात शून्य धरा. केबल बदलली की हे पुन्हा करा.

९. आमच्याकडे इन्टेन्सिफायरचा कॅमेरा नाही. फोटोमल्टिप्लायर (मंद प्रकाश विजेच्या संकेतात बदलणारी नळी) आणि ऑसिलोस्कोपवर होईल का?

होईल, आणि एका रेषेचा काळानुसार आलेख तर त्यावर एकाच शॉटमध्ये मिळतो. मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी पुढे सोडणारं उपकरण) रेषेवर लावा आणि नोंद घ्या. मग अर्धा-एक नॅनोमीटर बाजूला सरकवून पार्श्वभूमीची नोंद घ्या आणि वजा करा. ती वजाबाकी केली नाही तर सुरुवातीचं उंच टोक रेषेचं वाटतं.

ऑसिलोस्कोपचा इनपुट ५० ओहमवर हवा. १ मेगाओहमवर ठेवला तर १ मीटर केबलची सुमारे १०० पिकोफॅरड धारिता मिळून १०० मायक्रोसेकंदांचा वेळ-स्थिरांक तयार होतो. मग कोणताही धातू लावा, आलेख तोच. ‘आमच्या सगळ्या धातूंचा प्रकाश सारखाच विझतो’ असं कुणी लिहिलं की आधी हीच कळ तपासायची.

फोटोमल्टिप्लायर भरून गेलाय का हे पाहायला प्रकाश निम्मा करणारा फिल्टर पुढे धरा. आलेख सगळीकडे निम्मा झाला तर ठीक. सुरुवातीचं टोक तसंच राहून शेपूट तेवढी निम्मी झाली, तर नळी सुरुवातीला भरत आहे.

१०. स्वस्त सीसीडी स्पेक्ट्रोमीटरला किमान १ मिलिसेकंदाचा गेट आहे. तो निरुपयोगी समजायचा का?

नाही. त्याला मागचं टोक कापता येत नाही, पण पुढचं येतं. नोंद सुरू होण्याचा क्षण १ मायक्रोसेकंदाने पुढे ढकलला की सलग प्रकाश बहुतेक टळतो, आणि प्लाझ्मा विझल्यावर उरलेल्या मिलिसेकंदात अंधारच असतो. अट एकच: सुरू होण्याच्या क्षणातली थरथर मायक्रोसेकंदापेक्षा बरीच कमी हवी. ओळख आणि मिश्रधातूंची वर्गवारी यावर नीट होते. तापमानाचा काळानुसार आलेख मात्र यावर काढू नये.

११. प्रत्येक डिलेला तापमान कसं काढायचं?

बोल्ट्झमन आलेखाने. रेषेची तीव्रता गुणिले तरंगलांबी, भागिले वरच्या पातळीचं सांख्यिकी वजन आणि संक्रमण-संभाव्यता. याचा नैसर्गिक लॉग उभ्या अक्षावर, वरच्या पातळीची ऊर्जा आडव्या अक्षावर. उतार म्हणजे तापमानाचा व्यस्तांक, ऋण चिन्हासह.

तांब्याच्या ५१०.५५ रेषेची वरची पातळी ३.८२ इलेक्ट्रॉन-व्होल्टला आहे, ५१५.३२ आणि ५२१.८२ या दोघींची ६.१९ ला. अंतर २.३७. तापमान ०.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे सुमारे १०,४०० केल्व्हिन असेल, तर तीव्रतांच्या गुणोत्तरातल्या २० टक्के चुकीने तापमान ८ टक्क्यांच्या आसपास चुकतं. डिटेक्टरची तरंगलांबीनुसार संवेदनशीलता आधी दुरुस्त केलेली असायला हवी.

या दोन जुळ्या रेषांचा एक उपयोग फार मोलाचा आहे. त्यांची वरची पातळी जवळपास एकाच ऊर्जेची, त्यामुळे ५२१.८२ भागिले ५१५.३२ हे गुणोत्तर तापमान काहीही असलं तरी १.८ च्या आसपास राहिलं पाहिजे. डिलेबरोबर ते घसरत असेल तर तापमान काढणं थांबवा आणि प्रश्न १३ पाहा.

उशिराच्या वेळांना आणखी एक अडचण येते. ही पद्धत इलेक्ट्रॉनांच्या टकरी पुरेशा असतील तरच लागू पडते. टकरींसाठी किमान घनता सांगणाऱ्या मॅकव्हर्टरच्या निकषाने तांब्याच्या ३.८२ च्या फरकासाठी १०,००० केल्व्हिनला निदान ९ × १०^१५ इतकी घनता लागते. हा निकष आवश्यक आहे, पुरेसा नाही. घनता त्याच्या जवळ आली की पुढच्या डिलेंची ‘तापमानं’ छापू नयेत.

१२. इलेक्ट्रॉनांची घनता काढायला पावसाळ्यात सोपं जातं, हे खरं का?

खरं आहे, आणि आपल्याकडे त्याचा फायदा घ्यावा. हवेतल्या बाष्पातून हायड्रोजनची ६५६.२८ नॅनोमीटरची रेषा येते. जुलैत गोव्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते तेव्हा ती ठळक दिसते. तिची रुंदी मुख्यतः घनतेवर ठरते, तापमानावर फारच थोडी. १०^१७ घनतेला निम्म्या उंचीवरची रुंदी सुमारे १.१ नॅनोमीटर, १०^१६ ला ०.२३ च्या आसपास; घनता दुप्पट झाली की रुंदी सुमारे १.६ पट.

यातून उपकरणाची स्वतःची रुंदी वजा करावी. ती कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यावर मोजावी. नमुन्यावर तेल किंवा रंग असेल तर कार्बन-आयनाच्या ६५७.८ आणि ६५८.३ च्या रेषा हायड्रोजनच्या तांबड्या कुशीत घुसतात आणि घनता खोटी वाढते. नमुना आधी अ‍ॅसिटोनने पुसा.

पावसाळ्याचा त्रासही आहे. थंड केलेल्या डिटेक्टरच्या काचेवर दव धरतं आणि वर्णपट तासाभरात सर्व तरंगलांब्यांना सारखाच फिका होत जातो. त्याचा प्लाझ्माशी संबंध नाही. खिडकीवर कोरडा नायट्रोजन सोडा किंवा थंडावा काही अंश कमी करा.

१३. रेषेच्या ऐन मध्यावर खळगा पडतो, जणू दोन रेषा आहेत. हे काय?

स्व-शोषण. प्लाझ्माचा गाभा प्रकाश देतो, पण बाहेरच्या निवलेल्या कवचात त्याच धातूचे तळच्या पातळीवरचे अणू असतात आणि ते तोच प्रकाश गिळतात. आतली रेषा रुंद, कवचाची शोषणरेषा अरुंद, म्हणून मधोमध खळगा. तांब्याच्या ३२४.७५, ३२७.४० आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ३९४.४०, ३९६.१५ या रेषांना याची खोड आहे, कारण त्या अगदी तळच्या पातळीवर संपतात.

खळगा पडण्याआधीही शोषण चालू असतं, फक्त दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमवर त्याची सोपी परीक्षा आहे: ३९६.१५ ची तीव्रता ३९४.४० च्या दुप्पट असायला हवी. गुणोत्तर २ वरून १.५ कडे आलं की समजावं. कवच जसं जाड आणि थंड होतं तसं उशिराच्या डिलेंना हे बळावतं. उपाय म्हणजे दुसरी रेषा निवडणं, जी तळच्या पातळीवर संपत नाही. बहुसंख्य वेळा हाच एक टिकाऊ उपाय ठरतो.

१४. फोटोमल्टिप्लायरच्या आलेखात दोन शिखरं येतात. प्लाझ्मा दोनदा पेटतो का?

नाही. फायबर टार्गेटपासून काही मिलिमीटर दूर रोखलेला असेल आणि दाब कमी असेल, तर वेगवान आणि मंद असे दोन घोळके वेगवेगळ्या वेळी समोरून जातात. निर्वातात पुढचा भाग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर धावतो, म्हणजे १ मिलिमीटरला १०० नॅनोसेकंद. अंतर १ मिलिमीटरने वाढवून पाहा: शिखरं अंतराच्या प्रमाणात मागे सरकली तर ती वेगाची आहेत. पहिलं शिखर जागचं हललंच नाही तर तो पृष्ठभागाजवळचा विखुरलेला सलग प्रकाश. पार्श्वभूमी वजा करायची राहिली (प्रश्न ९).

१५. निर्वात, आर्गॉन, हेलियम यांत वेळा कशा बदलतात?

निर्वातात प्लाझ्माला अडवायला काही नसतं. तो पसरतो, विरळ होतो, टकरी थांबतात, आणि प्रकाश मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर संपतो. सलग प्रकाशही लवकर जातो, त्यामुळे तिथे गेटची गरज कमी. मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीचं उपकरण तिथल्या साधारण ७ मिलिबार दाबात गेटशिवाय काम करतं. ऑगस्ट २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान गाडीने चंद्राच्या मातीत गंधक ओळखलं ते याच तंत्राने, पूर्ण निर्वातात.

आर्गॉनमध्ये प्रकाश हवेपेक्षा तेजस्वी आणि दीर्घकाळ टिकणारा; तो उष्णता हळू वाहून नेतो. डिले वाढवावा लागतो. हेलियम उष्णता पटकन नेतो, पार्श्वभूमी कमी, आयुष्यही कमी.

१६. शुद्ध तांब्यावर सोडियम, कॅल्शियम आणि लोखंडाच्या रेषा येतात. पत्रा भेसळीचा आहे का?

आधी पृष्ठभाग पाहा. किनाऱ्याजवळ उघड्या ठेवलेल्या धातूवर खाऱ्या हवेचं मीठ बसतं आणि सोडियमच्या ५८९.०० व ५८९.५९ च्या रेषा पहिल्याच शॉटला भडकतात. बोटांचा घाम तेच करतो. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि थोडं टायटेनियम एकत्र दिसलं तर ती आपली तांबडी धूळ. जांभा दगड याच मूलद्रव्यांनी भरलेला असतो. कॅल्शियम-आयनाची ३९६.८५ अ‍ॅल्युमिनियमच्या ३९६.१५ शेजारी येते, दोघींची गल्लत करू नका.

जागा न बदलता १० ते २० शॉट मारून टाका आणि मग नोंद सुरू करा. शॉटागणिक कमी होणारी रेषा पृष्ठभागाची, स्थिर राहणारी धातूची. हा नियम वास्कोच्या बाजूच्या जहाजबांधणीच्या पोलादाला तर हमखास पाळावा.

१७. पितळेत जस्ताचं प्रमाण डिले बदलला की बदलतं. खरं कोणतं मानायचं?

एकही नाही, जोवर प्रमाणित नमुन्यांशी त्याच डिलेवर ताडून पाहत नाही तोवर. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, तांबं २५०० च्याही वर. नॅनोसेकंद पल्समध्ये कडेचा धातू हळू तापतो आणि जस्त जास्त उडून येतं. म्हणजे समईचा तुकडा आणि त्याचा प्लाझ्मा यांची घडण एकच नसते. वर जस्ताच्या ४६८.०१, ४७२.२२, ४८१.०५ या रेषा ६.६५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पातळीवरून येतात, तांब्याची ५१०.५५ खूप खालून. तापमान उतरलं की दोघींची तीव्रता वेगवेगळ्या दराने पडते आणि गुणोत्तर सरकतं. जवळच्या ऊर्जेची जोडी घ्या: जस्ताच्या ४८१.०५ समोर तांब्याची ५१५.३२. सरकणं बरंच आटोक्यात येतं. अंशशोधन आणि मोजणी दोन्ही एकाच डिले-गेटवर.

१८. फेम्टोसेकंद लेसरला हेच डिले चालतील का?

नाही. पल्स इतकी आखूड की प्लाझ्मा उभा राहण्याआधीच ती संपलेली असते. वाफेला मागून तापवणारी ऊर्जा येत नाही. सलग प्रकाश कमी आणि लवकर जाणारा, रेषाही लवकर विझणाऱ्या. १०० नॅनोसेकंदांपासून शोध सुरू करा.

१९. चष्मा किती घनतेचा लागतो?

१०६४ नॅनोमीटरला प्रकाशीय घनता किमान ६, आणि तीच तरंगलांबी चष्म्यावर छापलेली असावी. ५० मिलिज्यूलचा सरळ किरण डोळ्यात गेला तर सुरक्षित मर्यादेच्या हजारो पट होतो. तो दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. घासून चकचकीत केलेला पत्रा आरशासारखा परतवतो. टार्गेट किंचित तिरकं ठेवा आणि परतलेला किरण कुठे थांबतो ते कमी ऊर्जेवर कार्डाने शोधा. टार्गेटजवळ धूर ओढणारी नळी लावा, विशेषतः शिसं असलेल्या पितळेला.

२०. फोकस धातूवर बरोबर ठेवला तरी शॉटागणिक प्रकाश कमीजास्त होतो. का?

बरोबर पृष्ठभागावर ठेवला म्हणूनच. पृष्ठभागावरची धूळ आणि हवा भिंगाच्या केंद्रबिंदूशी (फोकसपाशी) स्वतःच पेटते, तिथेच ऊर्जा खर्च होते, आणि कधी हवेचा तर कधी धातूचा प्लाझ्मा दिसतो. नायट्रोजनच्या रेषा वाढून धातूच्या घटल्या की ओळखा. केंद्रबिंदू पृष्ठभागाच्या २ ते ५ मिलिमीटर आत घ्या. ठिपका थोडा मोठा होतो, पण शॉट एकसारखे येतात. हे बदललं की प्रश्न ७ मधली डिलेची तपासणी नव्याने करावी लागते, कारण मोठ्या ठिपक्याचा प्लाझ्मा वेगळ्या गतीने निवतो.